फ्रीस्टाईलची किक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सहाची मोठ्यांची पोहण्याची बॅच मी बरीच वर्षं घेते आहे. पाण्यात असताना कुणी काही विचारत नाही. घरी जाऊन चहा झाला की मग ग्रुपवर प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले निम्मे किकबद्दल असतात. तेच उत्तर पंधराव्यांदा टाईप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. सगळं इथे एकत्र केलंय, आपल्याला हवा तो प्रश्न शोधा.

१. ताई, किक मारायची म्हणजे नेमकं काय करायचं? पाय हलवले की झालं ना?

पाय हलवायचा तो खुब्यापासून. गुडघा सैल, घोटा त्याहून सैल, पाऊल मागे ताणलेलं आणि अंगठे एकमेकांना पुसटसे लागतील इतपत आत वळलेले. पाय खाली येताना आधी मांडी निघते, मग नडगी आणि सगळ्यात शेवटी पाऊल. चाबूक फटकारला की टोक जसं उशिरा पण जोरात येतं, तसंच. दोन पावलांमधलं अंतर दीड वितीच्या आसपास पुरे.

नव्या लोकांची नेहमीची चूक म्हणजे सायकल मारणं. गुडघा पोटाकडे ओढला की मांडी पाण्याला आडवी येते, आणि जोर लावूनही ब्रेक लागतो. ओळखायची सोपी खूण आवाजाची आहे. धप्प धप्प असा आवाज येत असेल तर पाय हवेत जाऊन आपटतायत. किक बरोबर असेल तर टाचा जेमतेम पृष्ठभागाला येतात आणि आवाज पातेल्यात पाणी उकळल्यासारखा, बसका येतो.

२. फ्रीस्टाईलमध्ये सगळा वेग हातांचाच असतो म्हणतात. मग किकवर वेळ का घालवायचा?

पुढे नेणाऱ्या जोरात हातांचा वाटा खूपच मोठा असतो, हे खरं आहे. पण पतंगाची शेपटी तरी पतंग कुठे उडवते? ती तुटली की पतंग गिरक्या खातो, एवढंच आपल्याला माहीत असतं.

पाण्यात आडवं झाल्यावर छाती हवेने भरलेली, म्हणून तरंगते. कमरेखालचा भाग जड, म्हणून बुडायला बघतो. ही तिरकी झालेली बॉडी पुढे ओढायची म्हणजे दार उघडं टाकून गाडी चालवण्यासारखं. किक पायांना वर धरते. शिवाय एक हात पाणी ओढतो आणि दुसरा पुढे जातो, तेव्हा कंबर डावी-उजवीकडे भरकटते, ते पायच सावरतात. आणि खांदे व कंबर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतात, त्या वळणाला धक्का मिळतो तोही किकमधूनच. मोठ्यांच्या बॅचमध्ये मी किक शिकवते ती बहुतांशी या तीन कामांसाठी. ५० किंवा १०० मीटरची शर्यत मारायची असेल तर किकचा ढकलण्याचा वाटाही जपावा लागतो. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये आहे.

३. माझे पाय बुडतात. किक जोरात मारली की वर येतील का?

येतील, पण पुढचे १५ मीटर. मग दम संपेल आणि पुन्हा बुडतील.

आधी डोकं बघा. गावाकडे विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेले लोक (मीही त्यातलीच) डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतात, आणि ती सवय लवकर जात नाही. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, तराजूसारखं. नजर थेट तळाच्या फरशीकडे ठेवा, मान सैल सोडा, छाती किंचित पाण्यात दाबा. एवढ्यावरच बहुतेकांचे पाय हातभर वर येतात. उरलेलं काम किकने करायचं. आधीच किकच्या मागे लागलात तर चुकीच्या शरीराला जोर लावायची सवय लागेल, आणि ती मोडायला मला वर्ष लागेल.

४. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फोमची पाटी) धरून पाय मारतो, पण जागचा हलत नाही. एकदा तर मागे गेलो! असं होतं का?

होतं. आमच्याकडे एक काका येत, मॅरेथॉन धावणारे, पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या. पहिल्या दिवशी किकबोर्ड दिला आणि मी दुसऱ्या लेनकडे वळले. पाच मिनिटांनी बघते तर काका भिंतीला पाय लावून उभे. म्हटलं, निघाला नाहीत अजून? तर म्हणाले, “निघालो होतो, परत आलो.” पुन्हा मारायला लावली आणि काठावर बसून बघितलं. पाणी सगळं उडतंय आणि काका इंच इंच मागे सरकतायत.

कारण घोटा. धावणाऱ्यांचा आणि सायकल चालवणाऱ्यांचा घोटा ताठ होतो, पाऊल नडगीशी काटकोनात अडकून राहतं. असं पाऊल वर-खाली केलं की पाणी मागे जाण्याऐवजी पुढे ढकललं जातं, आणि माणूस मागे जातो. ताकदीचा इथे काहीच संबंध नाही. काकांच्या मांड्यांत माझ्या दुप्पट जोर होता. पाऊल सपाट मागे ताणलं गेलं तरच ते वल्ह्यासारखं पाणी पकडतं. यावरचा उपाय पुढच्या प्रश्नात आहे.

५. घोटा सैल करायला काय करू?

वज्रासन. जेवणानंतर दहा मिनिटं बसा म्हणून आजी सांगायची तेच. पावलांची वरची बाजू जमिनीला टेकलेली, टाचांवर बसायचं. सुरुवातीला घोट्याखाली टॉवेलची घडी ठेवा, ती दर आठवड्याला पातळ करत जा. रोज ३ ते ५ मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी एकदम अर्धा तास बसून काही होत नाही. टीव्ही बघताना एका पायावर दुसरा पाय ठेवून हाताने पाऊल मागे वाकवणं आणि गोल फिरवणं हेही चालतं.

गुडघ्याचं दुखणं असेल तर वज्रासन करू नका, खुर्चीवर बसून हातानेच ताणा. पन्नाशीनंतर फरक हळू पडतो, म्हणून दोन महिन्यांत सोडून देऊ नका. वरचे काका चौथ्या महिन्यात पुढे जायला लागले.

६. किकबोर्ड वापरावा की नको? एक सर हो म्हणतात, एक नको.

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. बोर्ड धरला की पाय सुटे करून नुसत्या किकवर लक्ष देता येतं, वेळ मोजता येते, शेजारच्याशी गप्पाही मारता येतात. शेवटचं कारण हेच बोर्ड लोकप्रिय होण्याचं खरं कारण आहे असा माझा संशय आहे. तोटा असा की डोकं वर राहतं, कंबरेत पोक पडतो आणि शरीर कुशीवर वळत नाही. म्हणजे पोहताना जी स्थिती कधीच नसते, त्या स्थितीत किकचा सराव होतो.

मी निम्मी किक बोर्डवर आणि निम्मी बोर्डशिवाय करून घेते. बोर्डशिवायची माझी आवडती किक कुशीवरची: खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीवर, चेहरा तळाकडे, श्वासापुरता वर. २५ मीटर एका कुशीवर, २५ दुसऱ्या. पहिल्यांदा नाकात पाणी जातं, चिडू नका. दुसरी म्हणजे उभी किक: खोल बाजूला उभं राहून हात छातीवर आणि नुसत्या किकवर तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. यात सायकल मारणारा लगेच पकडला जातो, कारण तो बुडतो. खोल पाणी आहे, म्हणून भिंतीच्या हाताच्या अंतरावरच करा.

७. टू बीट, सिक्स बीट हे काय आहे, आणि मी कोणती किक मारू?

दोन्ही हातांचं एक पूर्ण चक्र होईपर्यंत किती वेळा पाय खाली मारला, तो आकडा. दोनदा मारला तर टू बीट, सहादा मारला तर सिक्स बीट. मधे फोर बीटही असते, आणि श्वास घेताना एखादी किक गाळणारेही खूप असतात.

हवाईचा ड्यूक काहानामोकू १९१२ साली स्टॉकहोमला आणि १९२० साली अँटवर्पला १०० मीटरचं सुवर्ण जिंकला. पाय सतत फडफडत ठेवायची किक त्याच्यामुळे जगभर पोचली. आजही ५० आणि १०० मीटरला सिक्स बीटला पर्याय नाही, कारण तिथे दम उरवून काही मिळत नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाईलचं कांस्य ०.०१ सेकंदाने हुकलं. इतक्या बारीक हिशेबात पायांचा वाटा थोडा असला तरी सोडता येत नाही.

लांब अंतराला हिशेब बदलतो. इयान थॉर्पने २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरसुद्धा सिक्स बीटवर ओढून ३ मिनिटं ४०.५९ सेकंदांत सुवर्ण नेलं, पण त्याचे पाय १७ नंबरच्या बुटाचे होते. तसे आपले नाहीत. चीनच्या सुन यांगने २०१२ला लंडनमध्ये १५०० मीटर १४ मिनिटं ३१.०२ सेकंदांत मारलं तेव्हा बहुतेक अंतर पाय हलके ठेवले होते आणि शेवटच्या लॅपला एकदम जोरात मारले. माझ्या मते सामान्य पोहणाऱ्याने शिकायची गोष्ट तीच आहे: पायांना गिअर असतात.

तुम्ही ४०० मीटर किंवा त्याहून जास्त सलग पोहत असाल, हौसेने पोहत असाल, तर टू बीट शिका. ताल असा: उजवा हात पाण्यात शिरतो तेव्हा डावा पाय खाली. डावा हात शिरतो तेव्हा उजवा. चालताना हात-पाय उलटसुलट जातात, तसंच. पहिले काही दिवस पाय आणि हात एकमेकांना विसरतात. संथ पोहा, दर २५ मीटरला मनात “उजवा-डावा” म्हणा. मग एक दिवस न म्हणता जमून जातं.

८. नुसती किक मारली की इतका दम का लागतो? पूर्ण पोहताना लागत नाही तेवढा.

मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. ते कामाला लागले की प्राणवायू भसाभस खातात, आणि त्या मानाने वेग कमीच मिळतो. त्यात नवख्या माणसाचा पाय ताठ असतो, म्हणजे खर्च आणखी. याच कारणासाठी लांब पोहताना किक आखडती ठेवायची, आणि याच कारणासाठी किकचा सराव हा हृदय-फुप्फुसांचा उत्तम व्यायामही आहे. छातीत दुखणं किंवा चक्कर ही मात्र दमाची लक्षणं समजू नका. लगेच बाहेर या आणि काठावरच्या माणसाला सांगा.

९. आठवड्यातून किती किक करावी?

पाऊण तासाच्या बॅचमध्ये साधारण १२०० मीटर होत असतील तर त्यातली २०० ते ३०० मीटर किक पुष्कळ झाली. स्प्रिंटवाल्यांनी याच्या दीडपट. आठवड्यातून तीन दिवस येत असाल तर तिन्ही दिवस थोडी थोडी करा.

एक दिवस बोर्डवर ८ वेळा २५ मीटर, मधे २० सेकंद विश्रांती, यातल्या शेवटच्या दोन जीव तोडून. दुसऱ्या दिवशी २५ कुशीवर किक आणि लगेच २५ पूर्ण पोहणं, असं सहा वेळा. याने किक पोहण्यात उतरते. नाहीतर बोर्डवर राजा आणि पोहताना भिकारी अशी गत होते. तिसऱ्या दिवशी उभी किक, २० सेकंद मारायची आणि ४० थांबायचं, सहा वेळा. एक गोष्ट पाळा: किक बॅचच्या शेवटी ढकलू नका. थकल्या पायांनी केलेली किक सायकल होऊन बसते.

१०. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) लावणं म्हणजे चीटिंग नाही का?

शर्यतीत आहे, सरावात नाही. आखूड फिन्स घोट्याला आपोआप मागे ताणतात आणि पाणी पायावर कसं लागतं ते कळतं. लांब, डायव्हिंगचे फिन्स नकोत, त्याने ताल मंदावतो. दर वेळी १०० ते २०० मीटर, मग काढून लगेच ५० मीटर तसंच पोहायचं. काढल्यावर पाय उघडे पडल्यासारखे वाटले तर तुम्ही जास्त वेळ लावताय.

११. किक करताना पोटरीत गोळा येतो. मीठ-पाणी कमी पडतं का?

क्वचित. बहुतेक वेळा पाऊल जबरदस्तीने ताणून धरल्यामुळे पोटरी सतत आकसलेली राहते आणि गोळा येतो. पाऊल सैल सोडायचं, पाण्याने ते मागे वळवायचं.

आला तर घाबरू नका. पाठीवर व्हा, गुडघा सरळ करा, पावलाची बोटं हाताने नडगीकडे ओढा. मालवणच्या चिवला बीचवर माझ्या पहिल्या समुद्री शर्यतीत शिट्टी वाजताच गर्दीत पुढे जायच्या नादात मी जोरात सिक्स बीट सुरू केली. ३०० मीटरवर दोन्ही पोटऱ्या एकदम धरल्या. पाठीवर पडून आकाश बघत बसले, बाकीचे निघून गेले. चूक सर्वस्वी माझी, गरम न होता उतरले होते.

१२. मी ट्रायथलॉन करतो. पुढे सायकल आणि धावणं आहे, मग पाय वाचवायचे की नाही?

वाचवायचे, पण शर्यतीत. सरावात नाही. पोहताना पाय वाचवायचे तर थोड्या किकमध्ये शरीर आडवं राहायला हवं, आणि ते सरावानेच येतं. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये मिरामारला १.९ किलोमीटर पोहून पुढे ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. तिथे टू बीट पुरे. शेवटच्या १०० मीटरला थोडी किक वाढवा, म्हणजे आडव्याचं उभं होताना पायांत रक्त फिरलेलं असतं आणि वाळूवर डगमगायला होत नाही.

थंड देशातल्या व्हिडिओंमध्ये “किक विसरा” असा सल्ला असतो, तो वेटसूटवाल्यांसाठी. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख, पाय वर उचलून धरतो. आपल्याकडच्या कोमट समुद्रात तो नसतो, म्हणून तो सल्ला इकडे लावू नका.

१३. समुद्रात पाणी खारट, मग आपोआप तरंगतो. तिथे किकचं काम कमी ना?

पाय वर धरण्याचं काम थोडं कमी होतं, तोल सावरण्याचं वाढतं. बाजूने लाट आली की शरीर फिरतं आणि एक नीट किक ते परत जागेवर आणते. धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटर पोहणारे तासन् तास पाण्यात असतात, ते सलग किक मारत नाहीत. पण भरती-ओहोटीचा प्रवाह कापायचा असेल तेव्हा दोन-तीन मिनिटं जोरात किक मारता आली पाहिजे. तयारी त्या तीन मिनिटांची करायची.

१४. पुल बॉय पायात धरला की मी जास्त वेगाने पोहतो. म्हणजे माझी किक मला मागे खेचते?

बहुधा हो. हा मला सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण तो विचारणारा स्वतःचा वेळ मोजत असतो.

पुल बॉय, म्हणजे मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा, पाय उचलून धरतो, म्हणून तुमचं शरीर एकदम आडवं होतं. वेग वाढला याचा अर्थ एरवी तुमचे पाय खाली लोंबतायत किंवा किक ब्रेक लावते आहे. १०० मीटर पुल बॉयसह आणि १०० त्याच्याशिवाय, सारख्याच जोराने पोहा. दोन्ही वेळा लिहून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेच पुन्हा. हा फरक कमी होत गेला तर किक सुधारते आहे. नुसत्या बोर्डवरच्या वेळेपेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवते. पुल बॉय आवडतो म्हणून रोज लावून पोहणं मात्र दुखऱ्या दाताने चावायचं टाळण्यासारखं आहे. आणि याला अपवाद आहे: ज्यांचे पाय मुळातच हलके, त्यांना पुल बॉयने कंबर जास्तच वर गेल्यासारखी वाटते आणि वेग पडतो. त्यांनी ही चाचणी करू नये.

१५. फ्रीस्टाईलच्या शर्यतीत डॉल्फिन किक चालते का?

चालते. डॉल्फिन म्हणजे दोन्ही पाय जोडून एकत्र मारायची किक, आणि फ्रीस्टाईलमध्ये किक कशी मारावी यावर बंधन नाही. सूर मारल्यावर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, त्या खुणेआधी डोकं वर यायला हवं. हौशी पोहणाऱ्याने भिंत सोडल्यावर दोन-तीन डॉल्फिन मारून वर यावं. श्वास कोंडून एकट्याने पाण्याखाली लांब जाण्याची पैज लावू नका. माझ्या बॅचमध्ये त्याला पूर्ण बंदी आहे.

१६. अपघातानंतर माझ्या पायांत जोर नाही. किकशिवाय फ्रीस्टाईल जमेल?

जमेल. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. धडधाकट पायांचे माझ्या बॅचमधले बरेच जण त्या वेळेच्या जवळपासही नाहीत.

पायांचं काम मग डोकं, छाती आणि पोटाचे स्नायू करतात: नजर तळाकडे, छाती दाबलेली, कंबर लचकू न देणं. सुरुवातीला पुल बॉय बिनधास्त वापरा. प्रश्न १४ मधली टीका तुम्हाला लागू नाही.

१७. खांदा दुखावलाय. हात बंद, तोवर नुसती किक करत राहिलो तर चालेल?

डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगी दिली असेल तर चालेल, पण बोर्ड धरू नका. हात पुढे लांब ठेवून बोर्डवर भार टाकला की दुखरा खांदा आणखी दाबला जातो, आणि नेमकी हीच चूक सगळे करतात. पाठीवर झोपा, दोन्ही हात मांड्यांना चिकटवा आणि किक मारा. डोक्याकडची भिंत दिसत नाही, म्हणून छतावरची किंवा वरच्या झेंड्यांची खूण धरा आणि ती आली की थांबून मागे बघा. शेजारच्या लेनवाल्याला आधी सांगून ठेवा.